गच्चीवरचा हवेचा नळ

लालबागच्या त्या चाळीत मला बोलावलं ते मोरीच्या वासासाठी. छप्पन साल होतं, फेब्रुवारी संपत आला होता. संचारबंदी उठून थोडे दिवस झाले होते. जिन्याच्या भिंतीवर चुन्याने 'झालाच पाहिजे' लिहिलेलं होतं. बाकी सगळं रोजच्यासारखं. कठड्यावर गोधड्या वाळत होत्या, आणि कुठेतरी सुके बोंबील भाजत होते.

दुसऱ्या माळ्यावर राधाबाई दारातच उभ्या होत्या.

"तूच काय तो सीताराम नळवाला? हत्यारं हळू ठेव. पोराचा आताच डोळा लागलाय."

पोर म्हणजे त्यांचा नातू, लवू. चार-पाच महिन्यांचा. त्याची आई बकुळा त्याला मांडीवर घेऊन बसली होती. बाप आनंदा गिरणीत गेला होता. पोराच्या छातीत प्रत्येक श्वासाला बारीक शिट्टी वाजत होती. ओठांना निळसर झाक होती.

"डॉक्टर म्हणतो, ही हवा अशीच राहिली तर पोर पावसाळा बघायचं नाही," बकुळा म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"खोली सोडा म्हणतो मेला," राधाबाई म्हणाल्या. "त्याच्या बापाने बांधून ठेवलीय आमच्यासाठी दुसरी!"

मोरीच्या जाळीखाली वाकडा नळ असतो. त्याच्या बाकात पाणी उभं राहतं आणि गटाराची हवा खोलीत येऊ देत नाही. मी जाळी काढून हात घातला. बाक कोरडा. तांब्याभर पाणी ओतून तो भरला आणि वरच्या माळ्यावरच्या बाईला बादली ओतायला सांगितली. वर पाणी धडधडलं, आणि आमच्या मोरीतलं पाणी गुडगुड करत खाली ओढलं गेलं. मागून तो वास आला, कुजलेल्या अंड्यासारखा.

दुखणं कळलं. पडणाऱ्या पाण्याला मागून हवा लागते. ती मिळावी म्हणून उभा नळ गच्चीच्या वर काढून तोंड उघडं ठेवतात. ते तोंड बुजलं की पाणी जिथून मिळेल तिथून हवा ओढतं.

एक गोष्ट मात्र मनात राहिली. बाक पुन्हा भरला तेव्हा त्यातलं पाणी हलत होतं. वर कुणी काही ओतत नव्हतं. पाणी थोडं चढायचं, थोडं उतरायचं. मागे लवूच्या छातीची शिट्टी वाजत होती. दोन्ही एका तालात होती. मी म्हटलं, वारा असेल.

"काकी, गच्चीवरच्या नळात कुणी काही कोंबलंय का?"

राधाबाईंनी पदर सावरला. "मीच कोंबायला लावलं, आनंदाला. पोलीस अश्रुधुराची नळकांडी फोडत होते ना रे खाली! तो धूर नळातून मोरीत उतरला, तर पोराच्या डोळ्यांचं काय? ओलं गोणपाट चांगलं ठासून भरलंय."

"धूर राहिला बाहेर, गटार घेतलंत आत."

"मग आता काय, फासावर देतोस मला?"

बकुळा पहिल्यांदा हसली.

मी वर गेलो. सळईने गोणपाट ओढून काढलं. ते सुकून लाकडासारखं झालं होतं. नळाने मोठा सुस्कारा सोडला. खाली येऊन वरच्या बाईला पुन्हा बादली ओतायला लावली. बाकातलं पाणी जागेवर राहिलं. खोलीतला वास तासाभरात विरला. लवूची शिट्टी थांबली. दूध प्यायला तो पहिल्यांदाच न थांबता. राधाबाईंनी मला चहा दिला, वर दोन बटर दिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नळाच्या तोंडाला जाळी बसवायला आलो. कावळे काटक्या टाकतात म्हणून. गच्चीवर ऊन होतं. वारा अजिबात नव्हता. ओढ तपासायला मी तोंडावर तळहात आडवा धरला.

हवा आत ओढली गेली. मग बाहेर आली. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. लहान, घाईचे झोके. गटाराची हवा थंड, दमट असते. ही कोमट होती. तिला दुधाचा वास होता, आणि टाळूवर घालतात त्या तेलाचा.

खात्री करावी म्हणून मी हात घट्ट दाबला.

तळहात आत ओढला गेला.

खालून बकुळाची किंकाळी आली. "आई, बघा हो! पोर काळंनिळं पडलं!"

मी हात काढला.

नळाने लांब श्वास घेतला. मग लवूचं रडणं ऐकू आलं. ते जिन्यातून आलं नाही. माझ्या हनुवटीखालून, नळातून आलं.

मी धावत खाली गेलो. पोर लालबुंद होऊन हातपाय झाडत होतं. चांगलं जिवंत, रागावलेलं. बकुळा त्याला थोपटत रडत होती.

राधाबाई माझ्या हाताकडे पाहत होत्या. तळव्यावर नळाच्या काठाचा गोल वळ उठला होता.

"वर काय केलंस रे?"

"हात ठेवला होता, काकी. नळावर."

त्यांनी माझा हात धरून मूठ मिटवली.

"परत ठेवू नकोस."

मी मोठ्या भोकांची जाळी बसवली. त्या दिवसापासून गच्चीवर गोधडी वाळत घालायची तरी बाया राधाबाईंना विचारत. नळापाशी जाणाऱ्याचा त्या पार मूळपुरुषापर्यंत उद्धार करत. मीही दरवर्षी पावसाच्या आधी जाऊन जाळी साफ करायचो. मजुरी घेतली नाही.

लवू झकास वाढला. दम म्हणून कधी लागला नाही त्याला. तीन जिने एका दमात चढायचा आणि वरून मला हाका मारायचा, "सीतारामकाका, हरलात!"

साठ सालच्या एक मेला राज्य झालं तेव्हा चाळीने गच्चीवरून पताका सोडल्या होत्या. दोरीचं एक टोक पोरांनी त्याच नळाला बांधलं होतं. राधाबाईंनी स्वतः उभं राहून गाठ पाहिली होती. अंगणात ढोल वाजत होते, बकुळा पेढे वाटत होती, आनंदा गुलालाने ओळखू येत नव्हता. मी लवूला कागदी भिरभिरं घेऊन दिलं.

संध्याकाळ पडलेली, पान हलत नव्हतं. भिरभिरं फिरेना. लवूने ते तोंडाजवळ धरलं, गाल फुगवले आणि सगळी ताकद लावून फुंकर घातली.

भिरभिरं जागचं हललं नाही.

मी वर पाहिलं. साऱ्या पताका खाली लोंबत होत्या. नळाच्या तोंडाशी असलेली एकच ताठ उभी राहिली, फडफडली आणि परत खाली बसली.

"परत फुंकू?" लवू म्हणाला.