तुळसाआजीची सीट

साईनाथ मला पहिल्यांदा दिसला तेव्हा तो एका ट्रकची माफी मागत होता.

डिसेंबरची सकाळ. कोलशेतला माझ्या मैत्रिणीकडे, कृतिकाकडे राहायला आले होते आणि धुक्यात खाडीकडच्या भलत्याच गल्लीत शिरले. समोर वेलींनी वेढलेला, मिठाने खाल्लेला जुना ट्रक, आणि बॉनेटवर हात ठेवून उभा असलेला हा उंच मुलगा. "सॉरी हां... जरा हलवतो तुला."

"काय म्हणाला तो?" मी विचारलं.

तो दचकला, मग हसला. "म्हणाला, पाहुणीला चहा पाज."

झालं! डोंबिवलीची मी, त्यानंतर दर रविवारी कोलशेतला. ट्रकच्या कामाला जाते असं घरी सांगायचे. आईचा विश्वास बसत नव्हता, आणि तिचं काही चुकत नव्हतं.

साईनाथच्या घरचा तो बंद ट्रक पुन्हा चालू करायचा होता, आणि टीम आमची चौघांची: साईनाथ, कृतिका, तिचा भाऊ प्रितम आणि मी. इंजिन खोलायच्या आधीच ढीगभर तयारी होती. वेल कापा, चाकांना लाकडाचे ठोकळे लावा, जुनं डिझेल काढा, गंजलेल्या नटांवर तेल सोडा. साईनाथ माझ्या गालावरचं ग्रीस पुसायचा, काहीतरी सांगायला तोंड उघडायचा... आणि पाना मागायचा. लवकरच मी नोकरीसाठी बेंगळुरूला निघणार होते. त्याने मला अडवावं असं नव्हतं, पण काहीतरी बोलावं ना! तो नाही बोलला तर मी काय समजून जायचं?

शुक्रवारी मी निघणार, त्याआधीच्या शेवटच्या रविवारी इंजिन उघडायचं ठरलं. धुकं इतकं दाट की ट्रकचा मागचा भाग दिसत नव्हता. साईनाथच्या आईने, शेवंतीकाकूंनी, ड्रायव्हरच्या सीटवर पानसुपारी ठेवली. हा ट्रक चालवणाऱ्या, साईनाथच्या धाकूआजोबांचा मान. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. नारळ फुटला आणि मला काय सुचलं कोण जाणे, मी डावीकडून केबिनमध्ये चढून बसले.

"नको बसू गो!" काकू ओरडल्या.

मी उठायला गेले आणि गळ्याला हिसका बसला. थंडीमुळे ओढणी गळ्याशी गाठ मारून बांधली होती. तिचं टोक माझ्या डावीकडे सीटवर दाबलं गेलं होतं, कोणीतरी वर बसल्यासारखं. मी ओढलं, प्रितमने ओढलं. हलेना. गाठही सुटेना. भाजलेल्या मशेरीचा वास आला. खिडकीच्या काचेवर, माझ्यापासून लांब, वाफेचा एक गोल उमटला, विरला, पुन्हा उमटला.

"कृतिका... इथे कोणीतरी आहे," मी कशीबशी म्हणाले.

"माझी सासू," काकू हात जोडून म्हणाल्या. "तुळसा. मिठाच्या फेरीला सासरा तिला शेजारी घेऊन जायचा. वाटेत कोनाला बसवलं तर आधी तिला सांगायला लागायचं, ही कोन, आपली कोन लागते. त्याबिगर ती सरकायची नाय. आनि आमी मान ड्रायवरलाच दिला, तिला इसरलो! साईनाथ, चढ वर. सांग तिला."

साईनाथ ड्रायव्हरच्या बाजूने चढला. चेहरा पांढराफटक.

"आजी, ही... कृतिकाची मैत्रीण."

ओढणी आणखी आवळली.

"अरे नीट सांग ना!" कृतिका खालून म्हणाली.

"ही... म्हणजे आमच्या टीममध्ये आहे..."

रिकाम्या जागेत बांगड्या वाजल्या, कंटाळलेल्या बाईने हात झटकावा तशा.

"साईनाथ, मरेन मी!"

त्याने डोळे मिटले. "आजी, ही रसिका. शुक्रवारी चाललीय. जाऊ दे तिला, पण परत माझ्याकडेच यावी. मला खूप आवडते ती, पहिल्या दिवसापासून. तिला सांगायला जाम फाटते माझी... म्हणून तुला सांगतोय."

ओढणी सैल झाली.

"उतर, उतर लवकर!" खालून कृतिका रडकुंडीला आली होती.

भीती वाटत होतीच. पण त्याहून जास्त आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू?

"येईन," मी साईनाथला म्हणाले. "तुझ्याकडेच."

मी उतरले नाही. खिडकीकडची जागा आजीला सोडून आणखी मधे सरकले, त्याच्या खांद्याला खांदा लागेपर्यंत. डावीकडे बघायचा धीर झाला नाही, तसंच म्हटलं, "बसा आजी, ऐसपैस."

माझ्या शेजारी सीटची स्प्रिंग कुरकुरली आणि हळूच खाली दबली.