अनंतरावांची मंजुरी

ही गोष्ट घडलेली आहे. पटली नाही तर सोडून द्या. विद्युलताच्या साहेबांनीही सोडून दिली आहे.

गेल्या मे महिन्यातला शुक्रवार. दुपारचे पावणेचार. ठिकाण अंबत्तूर, चेन्नई. बाहेर लख्ख ऊन, आत एसी, टेबलावर फिल्टर कॉफी. भुताला सोयीचं असं तिथे काहीच नव्हतं.

विद्युलता माझी मावसबहीण. आम्ही तंजावरकडची मराठी माणसं. घरात मराठी, जिन्यात तमिळ, ऑफिसात इंग्रजी. ती लिफ्ट दुरुस्तीच्या एका कंपनीत तक्रारी बघते. लिफ्टमध्ये कुणी धोक्याची घंटा दाबली की तिच्या स्क्रीनवर आपोआप तिकीट उघडतं. तिकीट उघडं असेपर्यंतच मेकॅनिकच्या मोबाइलवर मशीनरूमच्या कुलपाचा नंबर दिसतो.

तिकीट बंद झालं की नंबर गायब; पुन्हा उघडलं की नवा नंबर.

तिकिटं बंद करायला वर्षभरापूर्वी एआय एजंट आणला. तो लिफ्टच्या स्पीकरवरून तीनदा विचारतो, "आत कोणी आहे का?" उत्तर आलं नाही, तर आत कोणी नाही असं धरतो आणि तिकीट बंद करतो.

अट एकच. बंद करण्याआधी एका जिवंत माणसाची मंजुरी हवी.

दिवसातून शंभरदा 'मंजूर' दाबून सगळ्यांची बोटं दुखली. अशात मार्चमध्ये ऑफिसातले सगळ्यांत जुने अनंतराव हृदयविकाराने गेले. ऑफिसच्या यंत्रणेतलं त्यांचं खातं मात्र चालूच राहिलं.

विद्युलतानेच सुचवलं, "मंजुरी त्यांच्या नावावर आपोआप जाऊ दे. ते थोडेच रागावणार आहेत!"

सगळे हसले. आकडे सुधारले. साहेबांनी केक कापला.

तेव्हापासून अनंतराव प्रत्येक तिकिटाला अकरा सेकंदांत मंजुरी देत होते. जिवंतपणी त्यांचा एवढा उरक कधीच नव्हता.

त्या शुक्रवारी एक तिकीट उघडलं. अड्यार. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट अडकली.

पत्ता वाचला आणि विद्युलताने कॉफी बाजूला सारली.

तिच्या आईची बिल्डिंग.

दर शुक्रवारी याच वेळेला राजसबाई देवळात जायला खाली उतरतात. वय चौऱ्याहत्तर. रक्तदाब. दोन्ही कानांनी जवळजवळ ठार बहिऱ्या. त्या स्पीकरला काय उत्तर देणार?

तरी आईला फोन लावला... लागेना.

तिने वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "आतून काही आवाज नाही, मॅडम."

एवढ्यात तिकीट बंद झालं.

कारण : आतून उत्तर नाही. मंजुरी : अनंतराव.

तिने ते पुन्हा उघडलं. अकरा सेकंद... बंद.

पुन्हा उघडलं. पुन्हा बंद.

मेकॅनिक रंगाचा फोन आला. "अक्का, मी गच्चीवर मशीनरूमपाशी उभा आहे. नंबर येतो नि जातो! दोन आकडे दाबतोय तोवर बदलतो!"

"कुलूप तोड, रंगा!"

"लोखंडी दार आहे, अक्का. दात लावू?"

ती धावत वेंकटसाहेबांच्या केबिनमध्ये गेली. "सर, अनंतरावांचं खातं बंद करा. आत्ताच्या आत्ता!"

"त्यासाठी तिकीट टाकावं लागेल."

"टाकते. पण काम होण्याआधीच तेही बंद झालं तर? मंजुरी कोणाची?"

साहेबांनी स्क्रीनवर मंजुरीची यादी उघडली. मग अगदी हळू म्हणाले... "अनंतराव."

चाळीस मिनिटं झाली. मे महिना, बंद पत्र्याची पेटी, आत एक म्हातारी. विद्युलताने तेराव्यांदा तिकीट उघडलं. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. शेरा लिहायच्या चौकटीत तिने मराठीत लिहिलं,

"अनंतराव, आत माझी आई आहे. चुकले मी. पाया पडते. मंजुरी देऊ नका."

आणि सेकंद मोजू लागली.

नऊ. दहा. अकरा...

बारा.

वीस. चाळीस. तिकीट उघडंच.

मग खाली एक ओळ उमटली. त्या यंत्रणेने त्याआधी मराठीत कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं.

"नाकारली. आत माणूस आहे."

रंगाला नंबर मिळाला. त्याने हाताने चाक फिरवून लिफ्ट मजल्याला आणली. राजसबाई जमिनीवर बसलेल्या होत्या. घामाने भिजलेल्या, पण शुद्धीवर. जिवंत.

विद्युलता सहाला अड्यारला पोचली. आई ताक पीत होती. लेकीला रडू आवरेना.

"अगो, रडतेस काय? मी एकटी थोडीच होते?"

"म्हणजे?" विद्युलताने तिच्या कानाशी ओरडून विचारलं.

"ती बाई होती की. मी लिफ्टमध्ये शिरले तेव्हा खाली बसलेली होती. पदराने वारा घातला मला. चांगली बोलली."

"आई... तुला तिचं ऐकू आलं?"

राजसबाईंनी पेला खाली ठेवला.

"हो की. सगळं ऐकू आलं. म्हणाली, मी किती दिवस घंटा दाबते आहे, कोणीच येत नाही." मग त्यांनी दाराकडे बघितलं. "ती कुठे उतरली?"

दार उघडलं तेव्हा रंगा समोर होता. तो शपथेवर सांगतो, आत एकच बाई होती.

विद्युलताने त्याच रात्री जुनी तिकिटं काढली. तीच लिफ्ट. एकोणीस दिवसांपूर्वी घंटा वाजली होती. आतून उत्तर नाही. अकरा सेकंदांत बंद. त्यानंतर लिफ्ट आपोआप चालू झाली, रोज वरखाली होत राहिली. बिल्डिंगमधलं कोणी बेपत्ता नाही. वॉचमनला काही आठवत नाही.

राजसबाई सुटल्या, तरी त्यांचं तिकीट अजून उघडं आहे. रंगाने तीनदा रिकाम्या लिफ्टचे फोटो पाठवले. साहेबांनी स्वतः शेरा लिहिला. प्रत्येक वेळी खाली तेच येतं...

"नाकारली. आत माणूस आहे."

महिनाअखेरीला एवढं एक तिकीट काहीही करून बंद करा, असं साहेबांनी बजावलंय.

विद्युलताने ते ऐकून घेतलं. अनंतराव गेल्यापासूनच्या दोन महिन्यांत 'आतून उत्तर नाही' म्हणून बंद झालेल्या तिकिटांची यादी तिने छापून आणली आहे. एकेचाळीस पानं भरून पत्ते आहेत.

पहिल्या पत्त्यावर फोन लावायला तिचा हात अजून उचलत नाही.