लाल प्रकरण

सिग्नल हिरवा झाला आणि तिची गाडी विचारात पडली.

गाडी छोटी, लाल, दोन दारांची. मागे उगाचच एक पंख लावलेला. विकणाऱ्यांनी तिला 'स्पोर्टी' म्हटलं होतं, बाबा तिला 'ते लाल प्रकरण' म्हणत. उभ्या जागी इंजिन छान गुरगुरायचं. पण हळू चालताना वेग घ्यायला पाय दाबला, की एक क्षण… काहीच नाही. कुणी नाव विचारावं आणि ते आठवू नये, तसं. मग एकदम आठवल्यासारखा धक्का, आणि गाडी पुढे.

त्या दिवशी चौकाच्या मधोमध तो क्षण जरा लांबला. मागून हॉर्नची सरबत्ती सुरू झाली. नेमका लगेच मागचा मोटारसायकलवाला तेवढा गप्प होता, आणि तिला तोच संशयास्पद वाटला. चौक ओलांडल्यावर तो तिच्या खिडकीशी येऊन थांबला. हेल्मेटची काच वर केली. डोळे शांत, नाकावर ग्रीसचा एक ठिपका.

"थांबते, की विचार करते?"

"कोण?"

"गाडी."

तिने प्रश्नाला द्यायचा तेवढा वेळ दिला. "विचार करते."

"मग होईल बरी," तो म्हणाला, आणि कोपऱ्यावरच्या निळ्या शटरकडे बोट दाखवून निघून गेला. गॅरेज त्याचंच होतं, हे तिला आत गेल्यावर कळलं. जाहिरातीची ही पद्धत तिला आवडली.

ती स्पीच थेरपिस्ट होती. बोलताना अडखळणारी माणसं दिवसभर तिच्यासमोर बसत आणि ती ऐकत असे. तिच्या कामात एक नियम होता: समोरच्याचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही. कितीही वेळ लागो, जीभ दाताखाली धरून थांबायचं. हा नियम तिला घरीच पटला होता. बाबा निवृत्त वकील. इतरांची वाक्यं पूर्ण करून द्यायची त्यांना कोर्टातली सवय. बहुतेक वेळा चुकीची, पण ठामपणे.

गाडीच्या बाबतीतही त्यांनी ठामपणे एक गिऱ्हाईक गाठलं होतं. सकाळी त्यांच्याबरोबर फिरायला येणारे दातांचे डॉक्टर रविवारी गाडी बघायला येणार होते.

"अडखळणारी गाडी त्यांच्या गळ्यात मारायची?" तिने विचारलं होतं.

"दातवाल्याला कीड सापडली की आनंदच होतो. तोवर दुरुस्त झाली तर ठेव बापडी. नाही तर रविवारी द्यायची."

यात अडचण एवढीच होती, की ते लाल प्रकरण म्हणजे तिने आयुष्यात कुणालाही न विचारता घेतलेली एकमेव वस्तू होती.

गॅरेजवाल्याने गाडीला लॅपटॉप जोडला. लॅपटॉपच्या मते गाडीत काहीच दोष नव्हता. त्याने प्लग काढून पाहिले, इंजिनात जाणाऱ्या हवेचा सेन्सर साफ केला, पेट्रोलचा दाब तपासला. सगळं जिथल्या तिथे. मग स्वतः एक चक्कर मारून आला. गाडी त्याच्या हातात शहाण्या मुलीसारखी वागली.

"म्हणजे दोष माझा?" तिने विचारलं.

"तसं म्हणालो नाही."

"मग काय म्हणताय?"

तो गप्प. तिने नियमाप्रमाणे वाट पाहिली. बाहेर एक ट्रक रिव्हर्स घेऊन, पुन्हा पुढे जाऊन, पुन्हा रिव्हर्स घेऊन उभा राहिला, तेव्हा कुठे तो म्हणाला, "उद्या या."

"काहीतरी बदलून टाका ना. ते… काय म्हणतात, पंप वगैरे."

"अंदाजाने पार्ट बदलायचा नाही, असं आहे आमच्याकडे. आणि बदललाच, तर जुना गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचा. म्हणजे संशय राहत नाही."

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "तुम्ही चालवा. मी बसतो."

ही प्रेमकथा असल्याने त्याने तिच्या डोळ्यांत बघायला हवं होतं. तो तिच्या उजव्या चपलेकडे बघत होता. चांगला तासभर. आपल्या घोट्याकडे आजवर कुणी इतक्या गांभीर्याने पाहिलेलं तिला आठवेना. गाडी मात्र खुशीत आल्यासारखी दर वळणावर अडखळत होती.

"बघा," ती म्हणाली, "माझ्याकडेच अडखळते. तुमच्यापुढे लाजते."

"ओळख कमी आहे."

"वाढवा मग."

तो खिडकीबाहेर बघायला लागला. कान लाल झाले होते. लाल प्रकरणात ते शोभून दिसत होते.

"एक विचारू?" थोड्या वेळाने तो म्हणाला. "तुमच्याकडे माणूस आला, तर तुम्ही आधी काय शोधता?"

"अक्षर."

"म्हणजे?"

"माणूस सगळ्याच बोलण्यावर अडखळत नाही. एखाद्याचा 'प' अडतो, एखाद्याचा 'क'. बाकीची वाक्यं तो सुसाट बोलतो. आणि अडणारं अक्षर टाळायची युक्ती त्याला येत असेल, तर दोष दिसतच नाही. म्हणून मी त्याला हळू बोलायला लावते. एकेक अक्षर."

तो गप्प झाला. ही शांतता नेहमीची नव्हती. हिच्यात चाकं फिरत होती.

"गाडी बाजूला घ्या," तो म्हणाला. "आता पेडल हळूहळू दाबा. एकेक अक्षर."

तिने पाय मुंगीच्या चालीने खाली नेला. त्याच्या मांडीवरच्या लॅपटॉपवर एक रेघ वर चढत गेली… चढत गेली… आणि एका जागी दचकली. पाय मागे, पुन्हा पुढे. पुन्हा तिथेच.

"सापडलं," तो म्हणाला. आवाज अगदी हळू. जणू अक्षर पळून जाईल.

पेडल किती दाबलं हे इंजिनाला सांगणारी एक पट्टी पेडलच्या आत असते, त्याने समजावलं. तिच्यावरून एक पातळ टोक घासत जातं. ती पट्टी एकाच जागी झिजली होती. तेवढ्या जागेपुरतं इंजिनाला काही ऐकूच येत नव्हतं.

"एकाच जागी का?"

"तुमचा पाय रोज तिथेच थांबतो. जावं की न जावं, असं चाललेलं असतं तेव्हा."

"आणि तुमचा?"

"माझा थांबत नाही. थेट पुढे जातो."

"पायाचं म्हणताय ना?" ती म्हणाली. "कारण बोलताना तुम्ही बरेच थांबता."

त्याने तोंड उघडलं. ती थांबली. त्याने तोंड मिटलं. नियमाचे असे तोटे असतात.

शनिवारी दुपारी पेडल बदलून गाडी तयार झाली. घ्यायला बाबाही आले. त्यांना गाडीपेक्षा निकालात रस होता. गॅरेजवाल्याने किल्ली दिली आणि तिच्याकडे बघत म्हणाला, "मला एक विचारा—"

"विचारायचं काय त्यात," बाबा म्हणाले, "सर्व्हिसिंगला तुमच्याकडेच आणू. चल छकुले."

तिशी ओलांडलेल्या बाईला गॅरेजात 'छकुले' म्हटल्यावर काही बोलण्यासारखं उरत नाही. ती निघाली.

गाडी आता लोण्यातून सुरी फिरावी तशी धावत होती. जिथे पाय थबकायचा, तिथे काहीच नव्हतं. बाबा खूश होते. दातवाल्याला 'नाही' कसं सांगायचं, त्याची वाक्यं जुळवत होते. गाडी तिच्याकडेच राहणार होती. तिला आनंद व्हायला हवा होता. पण गाडी बरी झाल्यावर निळ्या शटरमागे जायला कारण काय, हे तिला कुठल्याच अक्षरात सापडत नव्हतं. वर आणखी एक खटकत होतं. जुना पार्ट त्याने हातात दिला नव्हता.

तोच चौक. सिग्नल हिरवा झाला. गाडी हलली नाही. मागे हॉर्नची सरबत्ती.

"पुन्हा अडली?" बाबा म्हणाले. "मी म्हणत होतो, हा माणूस—"

"गाडी नाही बाबा. मी अडलेय."

तिने वळसा घेतला आणि पाय थेट दाबला.

तो शटरशी उभा होता. हातात जुनं पेडल.

"अडखळली?"

"नाही. तुमचं वाक्य राहिलं होतं."

"हो. मला… म्हणजे तुम्हाला चालणार असेल…" आणि तो थांबला. ती थांबली. शटरवरचं कबुतरही थांबल्यासारखं वाटलं. मग तिने इतक्या वर्षांचा नियम मोडला.

"गाडी बिघडली नसली तरी येत जा. हेच ना?"

"नाही."

बापाची लेक. चुकीचं, पण ठामपणे. तिला कबुतराकडे बघणं सोयीचं वाटलं.

"मग काय?"

"हे पेडल मी ठेवून घेऊ का?"

"जुना पार्ट गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचा ना?"

"म्हणून तर विचारतोय."

"काय करणार त्याचं? बिघडलंय ते."

"सगळं नाही." त्याने पेडलवरून अंगठा फिरवला. "एवढीच जागा. तुम्ही थांबायचात ती."

काही वाक्यं पूर्ण करायची गरज नसते, हे तिच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

"ठेवा," ती म्हणाली.

"आणि ते तुमचं वाक्य… तेही विचारणार होतो. खात्री झाल्यावर."

"मग? झाली खात्री?"

"एक चक्कर मारून बघायला हवं. तुम्ही चालवा. मी बसतो."

"पायाकडे बघायला?"

"नाही," तो म्हणाला. "या वेळी जरा वर बघेन."

गाडीतून बाबांनी मान बाहेर काढली. "छकुले, मिटलं का ते लाल प्रकरण?"

ती दारापाशी गेली आणि पुढची सीट वाकवून धरली. "बाबा, मागे बसा."

दोन दारांच्या गाडीत मागे शिरणं निवृत्त वकिलाला शोभणारं काम नाही. बाबा आधी तिच्याकडे बघत राहिले, मग हातात पेडल घेऊन उभ्या असलेल्या त्या माणसाकडे, मग पुन्हा तिच्याकडे. बोलायला त्यांनी तोंडही उघडलं. पण पूर्ण करायला एकही वाक्य सापडलं नसावं. चष्मा सांभाळत, गुडघे पोटाशी घेत, ते मुकाट्याने मागे जाऊन बसले.