आजीच्या गाण्याचं गाठोडं

भोंडल्याच्या दिवशी सकाळी गुंडू मला म्हणाला, "गाणी माझ्याकडे आहेत, पण मी ती देऊ शकत नाही."

गुंडू म्हणजे आमच्या घरचा यंत्रमानव. तेव्हा नाशिकमध्ये असे यंत्रमानव बऱ्याच घरांत असायचे. ते पोळ्या लाटायचे, गच्चीवरचे सौरपत्रे पुसायचे आणि खोटं कधी बोलायचे नाहीत. मी सहावीत होते. आजीला जाऊन वर्षही झालं नव्हतं. आमच्या सोसायटीच्या भोंडल्यात तीच गाणी सांगायची आणि आम्ही मुली फेर धरून मागून म्हणायचो. शेवटचं गाणं तिने स्वतः रचलेलं होतं. दर वर्षी ती त्यात एक नवं कडवं घालायची, त्यामुळे ते कुणालाच पुरतं पाठ नव्हतं. जाण्याआधी सगळी गाणी तिने गुंडूकडे ध्वनिमुद्रित करून ठेवली होती. ती मिळाली नसती, तर आजीचं गाणं आजीबरोबरच संपलं असतं.

"आहेत ना? मग दे की," मी म्हणाले.

"ती 'झटगाठोडं' नावाच्या विकतच्या आज्ञावलीने (सॉफ्टवेअरने) बांधली आहेत. तिची वर्गणी संपली. ती विकणारी कंपनीही बंद झाली. आता वर्गणी घ्यायलाही कुणी उरलेलं नाही."

मी रडतच नानांकडे गेले. नाना म्हणजे माझे आजोबा. उपग्रहांचे संदेश उलगडण्यात त्यांचा जन्म गेला होता. चहा मात्र त्यांना कधी धड जमला नाही. तसलाच एक कप माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, "ऋजू, भोंडल्याच्या गाण्यात धृपद किती वेळा येतं?"

"प्रत्येक कडव्यानंतर."

"आणि आपण ते लिहून काढतो तेव्हा?"

"एकदाच लिहितो. मग पुढे नुसतं 'धृ.'"

"संगणकही तेच करतो. परत परत येणारं एकदाच लिहितो आणि बाकीच्या ठिकाणी खूण करतो. याला म्हणतात संपीडन (माहिती आवळून कमी जागेत बसवणं). झटगाठोडंवाल्यांनी या खुणा आपल्या आपण ठरवल्या आणि कुणालाच सांगितल्या नाहीत. अडलंय ते तिथे."

मी लगेच दुसरी आज्ञावली शोधायला बसले. पहिलीच सापडली ती 'अगदी फुकट' होती. तिला फक्त आमच्या घरातले सगळे फोटो आणि ओळखीच्या लोकांचे पत्ते हवे होते. मी 'हो' म्हणणार, तेवढ्यात नानांनी माझा हात धरला.

"फुकट ते पौष्टिक म्हणून धावू नकोस. गाठोडं सोडायला पत्ते कशाला लागतात? फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं. मुक्त आज्ञावली शोध (जिची घडण कुणालाही वाचता येते, बदलता येते आणि इतरांना देता येते). त्यात कुणी चोरकप्पा ठेवला, तर वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी नजरेस पडण्याची शक्यता असते. आणि घ्यायची ती बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून, वाटेत भेटेल त्याच्याकडून नाही."

शोधता शोधता 'सोडगाठ' सापडली. देशोदेशीच्या हौशी लोकांनी ती मिळून बनवली होती आणि तिला झटगाठोड्याच्या गाठी सुटत होत्या.

"पण खुणा तर गुप्त होत्या. यांना कशा कळल्या?" मी विचारलं.

"तू खिरापत कशी ओळखतेस?"

"डबा हलवून. चिवडा सळसळतो, लाडू गडगडतात."

"कारण ते आवाज तुझ्या ओळखीचे आहेत. यांनी तेच केलं. झटगाठोड्याला नुसतं 'आई' बांधायला दिलं आणि काय तयार होतं ते पाहिलं. मग 'आई आई' दिलं. मग 'आई आई आई'. दर वेळी गाठोड्यात काय बदललं ते टिपत गेले. म्हणजे डब्यात आपणच ओळखीची खिरापत घालायची आणि तो वाजवून बघायचा."

मला हसू आलं. आजीची खिरापत मला एकदाही ओळखता आली नव्हती. ती डब्यात फडकं कोंबायची, आवाजच होऊ नये म्हणून. त्या फडक्याच्या आठवणीने मला पुन्हा रडू आलं, आणि नानांनी माझा गार झालेला चहा पिऊन टाकला.

मग ते म्हणाले, "मूळ गाठोड्याला हात लावायचा नाही. आधी त्याची प्रत काढ, गुंडू. प्रयोग प्रतीवर."

सोडगाठ बराच वेळ चालली. मग आजी खाकरली. अगदी तिच्या सवयीप्रमाणे, गाण्याआधी दोनदा. नाना खुर्चीत सरळ बसले. शेवटचं गाणं सुरू झालं. त्यात आमच्या इमारतीतली प्रत्येक मुलगी होती, लग्न होऊन गेलेल्याही. शेवटी आजी म्हणाली, "यंदाचं कडवं मी घातलेलं नाही. ते ऋजू घालेल. तिला लाजू देऊ नका."

संध्याकाळी गच्चीवर पाटावरच्या हत्तीभोवती आम्ही फेर धरला. आजीचा आवाज थांबला तिथे मी माझं कडवं म्हटलं. ते गुंडूवर होतं, यमक पार फसलेलं. तरी सगळ्यांनी मागून म्हटलं आणि नानांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

आता नाना नाहीत, गुंडूही मोडीत गेला. मी मोठेपणी सोडगाठ बनवणाऱ्यांत सामील झाले. तिच्या मराठी सूचना मी लिहिल्या आहेत, आणि त्या सुधारणाऱ्या मुली माझ्यापेक्षा हुशार आहेत. आजीचं गाणंही असंच मोकळं ठेवलंय. ज्या मुलीला वाटेल तिने न्यावं आणि कडवं घालावं. खिरापतीच्या डब्यात मात्र मी अजून फडकं कोंबते.