चावी खालच्या माणसाच्या खिशात

खोटं वाटलं तर वाटू द्या. माझ्या लेकीची, आकांक्षाची शपथ घेऊन सांगतो, हे माझ्यासोबत घडलंय.

रात्रीचं न्हाई. भर दिवसाचं. गेल्या मे महिन्यात, वाटूर फाट्यावरच्या आमच्या गॅरेजमधी.

मी मिथुन. ट्रकचा मिस्त्री. माझ्यासोबत अतिक काम करतो. आमचे उस्ताद अजमतचाचा, त्यांचा हा पोरगा. आम्ही दोघंही त्यांच्याच हाताखाली शिकलो. शिव्या बी त्यांच्याच खाल्ल्या.

उस्तादांचा एक नियम होता. गाडीखाली जो जाईल, चावी त्याच्याच खिशात. वर बसलेल्यानं फक्त क्लच दाबायचा आन् सोडायचा. रोडच्या गोंधळात हाक ऐकू येत न्हाई, म्हणून उस्ताद खालून चासीवर पाना वाजवायचे. एकदा वाजला की दाब. दोनदा वाजला की सोड.

चार वर्षांपूर्वी उस्ताद गाडीखालीच गेले. वर मी बसल्तो. गाडी गिअरमधी उभी होती. सेल्फ लागला, गाडीनं झटका खाल्ला आन् मागचं चाक...

जाऊ द्या. चावी गाडीलाच सापडली. सगळे म्हणले, म्हातारा विसरला.

तर त्या दिवशी आष्टीच्या भुजंगचा ट्रक आला. फ्लायव्हीलला, म्हंजे इंजिनमागच्या दातेरी चाकाला, तडा गेल्ता, दाते झडल्ते. नवं यायला आठ दिवस लागणार होते. भुजंगला कुठला दम! जालन्याला जाऊन भंगारातलं एक फ्लायव्हील उचलून आणलं, आमच्यापुढं टाकलं आन् जेवायला निघून गेला.

मी उचलायला हात लावला...

थंडगार.

मे महिन्याच्या उन्हातून आलेलं लोखंड. चटका बसायला पायजे होता.

मंग कडेला पंच ठोकून मारलेले ठिपके दिसले... तीन. तिसरा जरा खाली घसरलेला.

ही उस्तादांची खूण. फ्लायव्हील खोलल्यावर परत त्याच जागी बसावं म्हणून ते असे ठिपके मारायचे. अशी खूण दुसरा कोणताच मिस्त्री करत न्हाई. अतिकला दिसायच्या आत ठिपक्यांवर ग्रीस फासलं आन् दिलं बसवून.

चार वाजता गिअरबॉक्स चढला. राह्यली फक्त क्लचची सेटिंग. ब्रेकची हवा उतरल्ती, म्हणून गाडी गिअरमधी ठेवली, चाकापुढं दगड लावला. अतिकनं चावी खिशात घातली आन् वरून थोपटून दाखवली.

"बॅटरीची वायर बी काढली, मिथुनभाऊ. बिलकुल टेन्शन घेऊ नका." एवढं बोलून तो खाली सरकला.

मी वर बसलो.

फाट्यावर त्या टायमाला गाड्यांची रांग राहते. पण एकदम... काहीच न्हाई. हॉर्न न्हाई. कावळा न्हाई. शेजारच्या चहाच्या टपरीवरचा रेडिओ बी गप.

"अतिक?"



मंग खालून आवाज आला...

टण्.

एकदाच.

अकरा वर्षांची सवय. डोक्यात काही यायच्या आधीच पाय गेला. क्लच पार तळाला.

आन् सेल्फ लागला.

चावी न्हाई, वायर न्हाई... आन् इंजिन घर्र घर्र फिरून राह्यलं! आख्खी कॅबिन थरथरायला लागली. मी स्टेअरिंग धरून बोंबललो, "अतिक, निघ बाहेर! जल्दी निघ!"

पाय उचलला असता तर गाडी दगड ओलांडून सरळ त्याच्या अंगावर गेली असती. बापाच्या अंगावर गेल्ती तशीच. घाम डोळ्यात उतरला, पण पाय हलवला न्हाई.

अतिक सरपटत बाहेर आला. तो बाहेर आला तसा सेल्फ आपोआप थांबला.

"बरं झालं बाबा, पाना वाजवलास," मी म्हणलो.

"कोणता पाना?" त्याचं तोंड पांढरंफट पडल्तं. "पाना तर वरच राह्यला तुमच्यापाशी."

बघतो तर... पाना माझ्या शेजारी, सीटवर.

खाली उतरून बॅटरी पाहिली. वायर लोंबकळत होती.

अतिकनं चाकापुढचा दगड चाचपून पाहिला. मंग म्हणला, "मिथुनभाऊ, अब्बा चावी कधीच विसरायचे न्हाईत. मंग त्या दिवशी ती वर कशी आली?"

"मला काय माहीत."

मी असं म्हणलो आन् गाडीखालून...

टण्.

आम्ही दोघांनी वाकून पाहिलं. खाली कोणीच नव्हतं.

ती गाडी आज बी याच रोडवर चालते. भुजंग म्हणतो, क्लच एकदम मक्खन. मी मात्र पुन्हा कोणत्याच गाडीच्या कॅबिनमधी बसलो न्हाई. ज्योत्स्ना, माझी बायको, म्हणते की झोपेत माझा डावा पाय ताठ दाबलेला राहतो. ती हलवते, चोळते, तरी ढिला पडत न्हाई. दोन ठोके अजून आलेच न्हाईत ना.

अतिक असल्या अनुभवांचं हे पेज रोज वाचतो. म्हणून इथं लिहून राह्यलो. तोंडानं सांगायची माझी हिंमत न्हाई.

अतिक, त्या दिवशी कॅबिनमधी जीव उकडून राह्यल्ता. फॅन लावायला चावी मीच मागितली. अब्बा नको म्हणले. मी हट्ट केला. त्यांनी गाडीखालून हात बाहेर काढून दिली. मी ती जरा जास्त फिरवली. म्हातारा काहीच विसरला नव्हता रे.

आता दुपारचे चार वाजलेत. तू जेवण करून घरीच झोपलाय. गॅरेजमधी मी एकटा हाय. आज एक बी गाडी आलेली न्हाई, शेड सगळं रिकामं हाय.

तरी आत्ता, हे लिहिता लिहिता, लोखंडावर पाना वाजला...

एकदाच.