सोड म्हटल्याशिवाय

बाहेर लख्ख ऊन होतं, पण नदीने कोरलेल्या त्या अजस्र गुहेच्या तोंडाशी गारठा होता. वटवाघळांचा उग्र वास येत होता. मोजणीदार तिसऱ्यांदा टेप ताणत होता आणि त्याचं डोकं पार फिरलं होतं. आधी चौऱ्याण्णव मीटर, मग एक्क्याण्णव, आता सत्त्याऐंशी! दगड काय आकसतो?

संध्याकाळपर्यंत नकाशा दिला नाही, तर काम हातचं जाणार होतं. जोडीदार ऐनवेळी आजारी पडला, म्हणून टेपचं टोक धरायला बायकोला आत शेवटच्या भिंतीशी बसवलं होतं.

"अगं, पुढे सरकतेस का?"

"भिंतीला पाठ लावून बसलेय," आतून आवाज आला. "वीस वर्षांत एकदा तरी माझं खरं माना!"

तो चरफडला. नऊ वर्षांपूर्वी याच गुहेत हे टोक त्याच्या थोरल्या भावाने धरलं होतं. दादाची शिस्त कडक. 'सोड' ऐकल्याशिवाय टोक सोडायचं नाही. त्या दिवशी वरच्या अंगाने अचानक पाण्याचा लोंढा आला. मोजणीदार तोंडाशी होता, तो वर पळाला. दादा आतच राहिला. घरी सगळ्यांना सांगितलं, मी 'सोड' म्हणून ओरडलो होतो. खरं तर मोजणीदार ओरडलाच नव्हता.

"माझी बॅटरी विझत चालली," बायको म्हणाली. "टोक दगडाखाली दाबून येतेय."

ती धडपडत, कपडे झटकत आली आणि त्याच्याजवळ टेकली. "आता स्वतःच जा आणि धरा."

"सगळं मुसळ केरात!" तो करवादला आणि टेप गुंडाळू लागला. पाचेक मीटर आला. मग अडला. त्याने हिसका दिला.

तिकडून कोणीतरी हलकेच मागे ओढला.

फीत ताठ झाली. आकडा त्र्याऐंशी.

"अडकला असेल दगडात..." बायको म्हणाली.

दगड ओढत नाही. नऊ वर्षं जिभेवर अडलेला शब्द कसाबसा बाहेर आला.

"सोड... दादा, सोड."

फीत एकदम सैल पडली. तो भराभर गुंडाळू लागला. टोकाची कडी हातात आली. ती ओली होती, आणि कोमट.

"किती भरलं रे?"

आवाज अगदी जवळून आला होता. तो गर्रकन वळला. "तू... तू विचारलंस?"

बायको अंधाराकडे बघत होती.

"मी तुम्हाला," ती हळूच म्हणाली, "कधी 'रे' म्हटलंय?"