दुडक्या चालीतला आवाज

दर दोन पावलांमागे एकदा. बदामी घोडी उभी असताना नाही, सावकाश चालताना नाही. फक्त दुडक्या चालीत. मोजपट्टीने कुंपणाच्या दांडीवर बसून तीन फेऱ्या कान देऊन ऐकलं आणि मगच बोट वर केलं.

"फुर्र! ऐकलंत? मागून येतोय!"

"मी नाही हं!" बदामी घोडीचा दोर धरून धापा टाकत इंजिन ओरडला.

"तुझं नाव कुणी घेतलं?"

"घेणारच होतात! दर वेळी माझ्यावरच ढकलता!"

"काल मात्र तूच होतास," पुरवणीने जोडलं.

ही अर्थातच टोपणनावं. इंजिन हा मामाचा मुलगा. धावल्याशिवाय त्याला चालताच येत नसे. पुरवणी ही मोजपट्टीची धाकटी बहीण. कुणाचंही वाक्य संपलं की तिचं एक त्याला चिकटलेलंच. आणि मोजपट्टीचं नाव कसं पडलं ते सांगायला नको. मामाच्या तबेल्यात सहा घोड्या होत्या आणि कुणाच्या आयाळीची लांबी किती, हे तिला तोंडपाठ होतं.

"एकटीचं ऐकून काय कळणार?" ती खाली उडी मारत म्हणाली. "सगळ्या पळवायच्या. तेवढंच अंतर, तीच चाल."

"पळवायच्या म्हणजे मीच ना?"

"तू इंजिन आहेस की नाही?"

बाकीच्या पाचही घोड्या पळवून झाल्या. टापांचा आवाज, नाकाचा आवाज, इंजिनच्या कण्हण्याचा आवाज. फुर्र मात्र एकीचाही नाही! शेवटी बदामीला पुन्हा पळवलं. दर दोन पावलांमागे एकदा, अगदी नेमका.

बदामी थांबली ती कुंपणाच्या कोपऱ्यात जाऊन. पलीकडे काळ्या घोडीचं शिंगरू आईच्या पोटाखाली ढुशा देत होतं. बदामीने मान दांडीवरून पुढे टाकली आणि हलक्या आवाजात साद घातली. तशी साद घोडी फक्त स्वतःच्या पिलाला घालते. शिंगराने वळूनही पाहिलं नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या सुट्टीत बदामीला शिंगरू झालं होतं. त्याचं ओलं नाक मोजपट्टीच्या तळहातावर टेकलं होतं. ते मोठं होऊन दूर गेलं, आणि त्यानंतर दर सुट्टीला गाडीतून उतरताना ती पहिला प्रश्न तोच विचारायची, "बदामीला बाळ झालं?" उत्तर एकच असायचं. यंदा तर मामीने हळूच सांगितलं होतं, की घोडेस्वारीच्या शाळेचा मालक बदामीला मागतोय. तो शनिवारी गाडी पाठवणार होता. मामाने अजून हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. आज गुरुवार होता.

मामा एका घोडीच्या अंगावर खरारा फिरवत होता. तिघांनी एकदम बोलायला सुरुवात केली.

"एकेक करून बोला रे!"

"मामा, बदामी पळताना मागून फुर्र आवाज येतो," मोजपट्टी म्हणाली. "उद्या डॉक्टरीणबाई लस टोचायला येणार आहेत ना? त्यांना दाखवू या?"

खरारा थांबला. "तिच्याबद्दल कुणी डॉक्टरांशी एक शब्द बोलायचा नाही."

"पण मामा—"

"दोन वर्षं शिंगरासाठी कोपऱ्यात पेंढा अंथरला मी. दोन्ही वर्षं तसाच गोळा केला. वांझ आहे, संपलं. आता मला आशा लावू नका, पोरांनो." तो वळला, पण खरारा त्याच्या हातात नुसताच राहिला.

तिघं गवताच्या ढिगावर जाऊन बसली.

"झालं! तोंडं शिवली आपली," इंजिन म्हणाला.

मोजपट्टीने ढिगातली एक काडी ओढून काढली. मग म्हणाली, "शब्द बोलायचा नाही ना? मग बोलायचं नाही. तोंड आपलं शिवलंय, बदामीचं थोडंच?"

"तिचं तोंड नाहीच वाजत," पुरवणी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई अंगणात स्टुलावर बसून लशींची नोंद करत होत्या. तेवढ्यात इंजिन बदामीला घेऊन त्यांच्यामागून दुडक्या चालीने गेला. फुर्र, फुर्र. परत आला. फुर्र, फुर्र. तिसऱ्या फेरीला बाईंचं पेन थांबलं.

"ए, थांब! पुन्हा पळव बघू तिला!"

इंजिनने ओठ घट्ट मिटून पुन्हा पळवलं. मामा तबेल्याच्या दारातून धावत आला. "काय चाललंय? मी काय सांगितलं होतं?"

"आम्ही एक शब्द बोललो नाही!" मोजपट्टी म्हणाली.

"अर्धासुद्धा नाही!" पुरवणी म्हणाली.

बाईंनी हातमोजे चढवून बदामीची शेपटी बाजूला केली. क्षणभर पाहिलं, कान जवळ नेला आणि मामाकडे वळल्या. "शेपटीखालची, पिलू बाहेर येण्याची वाट वरच्या बाजूला नीट मिटत नाहीये. पावलागणिक हवा आत जाते, हवेबरोबर धूळ आणि जंतू. गर्भाशयाला सततची सूज. गर्भ टिकेल कसा? अशा घोडीला वरच्या भागात टाके घालतात. हिला कधीच घातले नव्हते?"

"घातले होते की! जुन्या डॉक्टरांनी. म्हणूनच तर शिंगरू झालं."

"मग बाळंतपणाआधी उघडले असतील. पुन्हा कुणी घातले?"

मामाने शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या मोतद्दार काकांकडे पाहिलं. घोड्यांची सगळी देखभाल तेच करायचे. काकांनी मामाकडे पाहिलं.

"तुम्ही डॉक्टरांना बोलावलं असेल ना, मालक?"

"मला वाटलं, तू बोलावलंस!"

मोजपट्टी धावत जाऊन बदामीच्या नोंदींची वही घेऊन आली. जुन्या डॉक्टरांच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं, 'टाके उघडले. शिंगरू झाल्यावर पुन्हा घालणे.' खाली शिंगराच्या जन्माची वेळ, वजन. पुढचं पान कोरं. त्याच आठवड्यात जुने डॉक्टर बदली होऊन गेले होते.

मामा मटकन स्टुलावर बसला. "म्हणजे तीन वर्षं... तिचा काही दोषच नव्हता."

"बाकीच्या पाचही पळवून पाहिल्या आम्ही, एकीचाही असा आवाज नाही," इंजिनने सांगून टाकलं.

"माझ्याही कानावरून हा आवाज दोनदा गेला असेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी नोंदी करत बसले. या पोरांनी मात्र सहाही घोड्या पळवून पाहिल्या. शाब्बास! याला तपास म्हणतात."

"मग आता शिंगरू होणार?" पुरवणीने विचारलं.

"ते नाही सांगता येत. आधी औषध देऊन सूज उतरवायची. मग जागा बधिर करून, ती उभी असतानाच टाके घालायचे. ऑपरेशन अर्ध्या तासाचं. वाट पाहणं मात्र लांबचं. होईलही, नाहीही होणार." त्यांनी मामाकडे पाहिलं. "ठरवायचं तुम्ही."

मोजपट्टीने मामाकडे पाहिलं नाही. तिने बदामीच्या मानेवर गाल टेकला आणि डोळे मिटले.

खोलीतला फोन वाजला. मामी दारात आली. "शाळेचा मालक आहे. उद्याच्या गाडीचं विचारतोय. काय सांगू?"

"मी बोलतो."

मामा आत गेला. उघड्या खिडकीतून त्याचा आवाज आला. आधी घोगरा, मग स्वच्छ.

"हो, मीच. गाडी पाठवू नका... नाही, पुढच्या महिन्यातही नको. बदामी कुठेही जाणार नाही. आम्ही तिचं ऑपरेशन करतोय."